‘राइट’ या शब्दाचे विरुद्धार्थी शब्द किती?

इंग्रजीच्या तासाला समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या पाठ करवून घेण्याची पद्धत आपल्या सर्वच शाळांत आहे. ‘बिग’ म्हटले की ‘स्मॉल’, ‘डे’ म्हटले की ‘नाइट’ आणि ‘राइट’ म्हटले की ‘राँग’. विद्यार्थी एका दमात उत्तर देतो, शिक्षक बरोबरची खूण करतात आणि गुण मिळतो. उत्तर चुकीचे नसते, परंतु ते पुरेही नसते. ‘राइट’ हा इंग्रजीतील अत्यंत साधा, रोजच्या वापरातील शब्द असला तरी त्याच्या पोटात निदान चार निरनिराळे अर्थ नांदतात, आणि प्रत्येक अर्थाचा विरुद्धार्थी शब्द वेगळा आहे. त्यांपैकी एक विरुद्धार्थ असा आहे की तो शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. तो इतिहासात शोधावा लागतो.

मी इतिहासाचा शिक्षक. इंग्रजी हा माझा अध्यापनाचा विषय नव्हे. तथापि महाडचा संग्राम शिकविताना, राज्यघटनेचा तिसरा भाग समजावून सांगताना आणि वंदनेच्या वेळी अष्टांगिक मार्गाचा अर्थ सांगताना हा एकच शब्द वारंवार समोर येतो. आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर या शब्दाची फोड करून ठेवावी, असे वाटले.

मूळ अर्थ : सरळ

इंग्रजी ‘राइट’, जर्मन ‘रेख्ट’, लॅटिन ‘रेक्टस’ आणि संस्कृत ‘ऋजु’ हे शब्द एकाच प्राचीन भाषिक मूळापासून आलेले आहेत, हे भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. त्या सर्वांचा गाभ्याचा अर्थ एकच, तो म्हणजे सरळ, न वाकलेले. संस्कृत ‘ऋजु’चे पालीत ‘उजु’ झाले. आपले विद्यार्थी संघवंदनेत ‘उजुपटिपन्नो’ हा शब्द रोज उच्चारतात. सरळ मार्गाने चालणारा, हा त्याचा अर्थ. जुन्या मराठीतही ‘उजू’ हा शब्द सरळ या अर्थाने आढळतो. म्हणजे ज्या मुलाला ‘राइट’ हा शब्द परका वाटतो, त्याच्या तोंडी त्या शब्दाचे भावंड पहिल्या इयत्तेपासूनच आहे.

भूमितीत हा मूळ अर्थ आजही टिकून आहे. ज्याला आपण काटकोन म्हणतो त्याला इंग्रजीत ‘राइट अँगल’ म्हणतात. येथे ‘राइट’चा अर्थ ‘बरोबर कोन’ असा घेतला तर साठ अंशांचा कोन चुकीचा ठरेल! जमिनीवर सरळ, ताठ उभ्या असलेल्या रेषेने होणारा तो कोन, म्हणून ‘राइट’. या अर्थाचे समानार्थी शब्द ‘स्ट्रेट’, ‘अपराइट’. विरुद्धार्थी ‘क्रुकेड’, म्हणजे वाकडा. सरळ माणसाला इंग्रजीत ‘अपराइट’ म्हणतात आणि लबाडाला ‘क्रुक’ म्हणतात. मराठीतही आपण सरळ मनाचा आणि वाकड्या चालीचा असेच म्हणतो. वस्तूच्या आकारावरून माणसाच्या शीलाकडे जाण्याची वाट दोन्ही भाषांनी एकसारखीच चोखाळलेली दिसते.

बरोबर आणि चूक

दुसरा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. गणिताचे उत्तर, शब्दाचे शुद्धलेखन, घड्याळातील वेळ ‘राइट’ असते, तेव्हा त्याचे समानार्थी शब्द ‘करेक्ट’, ‘ॲक्युरेट’, ‘ट्रू’. मराठीत बरोबर, अचूक, खरे. विरुद्धार्थी शब्द ‘राँग’, ‘इनकरेक्ट’, ‘फॉल्स’. मराठीत चूक, खोटे.

परंतु याच जोडीचा एक नैतिक अर्थही आहे. एखाद्याचे वागणे ‘राइट’ आहे, असे आपण म्हणतो तेव्हा ‘जस्ट’, ‘फेअर’, ‘प्रॉपर’ हे त्याचे समानार्थी होतात आणि ‘अनजस्ट’, ‘अनफेअर’ हे विरुद्धार्थी. मराठीत न्याय्य आणि अन्याय्य. उत्तर चुकणे आणि अन्याय करणे या दोन्हींसाठी इंग्रजीत एकच ‘राँग’ चालतो. मराठी मात्र या दोहोंत स्पष्ट भेद करते. बेरीज चुकली तर आपण अन्याय झाला असे म्हणत नाही, आणि एखाद्या वस्तीला विहिरीवर पाणी भरू दिले नाही तर त्याला ‘चूक झाली’ एवढेच म्हणून भागत नाही. अनुवाद करताना विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानी ठेवावा. इंग्रजीतील ‘राँग’चे भाषांतर प्रत्येक ठिकाणी ‘चूक’ असे केल्यास अन्यायाचे वजन कमी होते.

उजवा आणि डावा

तिसरा अर्थ दिशेचा. ‘राइट हँड’ म्हणजे उजवा हात, विरुद्धार्थी ‘लेफ्ट’. येथे ‘राँग’चा काही संबंध नाही. आपल्या रस्त्यांवर वाहन डाव्या बाजूने चालवावयाचे असते. म्हणजे नियमाच्या दृष्टीने डावी बाजू हीच ‘राइट’ बाजू, आणि जो उजव्या बाजूने येतो तो ‘राँग साइड’ने आलेला असतो! एकाच शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की काय होते, याचे याहून सोपे उदाहरण विद्यार्थ्यांना देता येणार नाही.

तथापि दिशेचा हा शब्द सर्वत्र निव्वळ दिशेपुरता राहिलेला नाही. ‘हा त्याच्यापेक्षा उजवा आहे’ असे म्हणताना आपण उजव्याला श्रेष्ठ ठरवितो. ‘डावलणे’ हे क्रियापद ‘डावा’वरून आले आहे, बाजूला टाकणे, योग्य व्यक्तीला वगळणे हा त्याचा आजचा अर्थ. शरीराच्या एका बाजूविषयीचा पूर्वग्रह भाषेत असा मुरलेला आहे. दक्षिण भारतात तर चोळांच्या काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत जातींचे ‘वलंगै’ आणि ‘इडंगै’, म्हणजे उजव्या हाताच्या आणि डाव्या हाताच्या जाती असे दोन तट होते आणि मानपानावरून त्यांच्यात तंटे होत. शेजारच्या कर्नाटकात अनुसूचित जातींमधील दोन मोठ्या समूहांना आजही बोलण्यात उजवे आणि डावे म्हणतात. दिशेचे निरुपद्रवी शब्द माणसांची उतरंड लावण्यासाठी कसे वापरले जातात, हे यावरून दिसते. युरोपात १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाचे समर्थक अध्यक्षांच्या उजवीकडे आणि विरोधक डावीकडे बसले, त्यावरून राजकारणातील उजवे आणि डावे हे शब्द रूढ झाले, हेही या ठिकाणी सांगितले पाहिजे.

उजवीकडचा एक चांगला वारसाही आपल्याकडे आहे. संस्कृत ‘दक्षिण’ या शब्दाचा मूळ अर्थ उजवा. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. पालीत त्याचे ‘दक्खिण’ झाले आणि त्यावरूनच आपल्या भूमीला दख्खन हे नाव मिळाले. स्तूप आपल्या उजव्या हाताला ठेवून त्याभोवती चालणे म्हणजे प्रदक्षिणा. अजिंठ्याच्या नवव्या आणि दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहांत स्तूपाभोवती त्यासाठी कोरलेला मार्ग आजही पाहावयास मिळतो. आपल्या सहली तेथे जातात तेव्हा विद्यार्थ्यांना ही व्युत्पत्ती अवश्य सांगावी. डावखुऱ्या मुलाला मात्र उजव्या हाताने लिहावयास भाग पाडू नये. त्याचा हात ‘लेफ्ट’ आहे, ‘राँग’ नाही.

सम्मा आणि मिच्छा

आता आपल्याला अधिक जवळचा अर्थ पाहू. तथागतांच्या अष्टांगिक मार्गातील सम्मादिट्ठि, सम्मासंकप्प, सम्मावाचा इत्यादी आठही अंगांच्या आरंभी ‘सम्मा’ हा शब्द आहे. इंग्रजी ग्रंथांत त्याचे भाषांतर ‘राइट’ असे करतात : ‘राइट व्ह्यू’, ‘राइट स्पीच’, ‘राइट लाइव्हलीहुड’. पाली विद्वान ऱ्हीस डेव्हिड्स यांनी एकोणिसाव्या शतकात केलेल्या अनुवादांतही हाच शब्द आहे आणि तो आता सर्वत्र रुळला आहे.

प्रश्न असा की हा ‘राइट’ कोणता? उत्तरपत्रिकेतील ‘बरोबर’ या अर्थाचा तो नाही. ‘सम्मा’ म्हणजे संस्कृत ‘सम्यक्’. एकत्र, एका दिशेने, पूर्णपणे आणि यथार्थ रीतीने, असे अनेक पदर त्या शब्दाला आहेत. आपण बुद्धवंदनेच्या आरंभी ‘सम्मासम्बुद्ध’ म्हणतो, तेथे ‘सम्मा’चा अर्थ ‘पूर्णपणे, यथार्थपणे’ असाच करावा लागतो. ‘उत्तर बरोबर आलेला बुद्ध’ असा कोणी करणार नाही. म्हणून मराठीत ‘योग्य’ किंवा ‘बरोबर’ यापेक्षा ‘सम्यक’ हाच शब्द ठेवणे इष्ट. आपल्या घराघरांत आज सम्यक नावाची मुले आहेत. त्यांना आपल्या नावाचा अर्थ सांगता आला पाहिजे.

या शब्दाचा विरुद्धार्थी पालीतच दिलेला आहे : ‘मिच्छा’, म्हणजे मिथ्या. मज्झिम निकायातील ‘महाचत्तारीसक’ सुत्तात प्रत्येक सम्यक अंगासमोर त्याचे मिथ्या अंग मांडलेले आहे. तेथे एक फार मार्मिक विचार येतो. मिथ्या दृष्टीला मिथ्या म्हणून ओळखणे आणि सम्यक दृष्टीला सम्यक म्हणून ओळखणे, ही ओळखच सम्यक दृष्टी होय. आपल्या विषयाच्या भाषेत सांगावयाचे तर कोणताही शब्द त्याच्या विरुद्धार्थासह कळल्याशिवाय पुरता कळत नाही. सम्यक आजीविकेचा अर्थही असाच विरुद्ध बाजूने स्पष्ट होतो. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले. दुसऱ्याच्या हानीवर जगणे ही मिथ्या आजीविका, हे कळले की सम्यक आजीविका म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हक्क, आणि त्याच्या उलट काय?

येथवर विरुद्धार्थी शब्द शोधणे सोपे होते. चौथा अर्थ मात्र कठीण आहे. ‘ह्यूमन राइट्स’, ‘फंडामेंटल राइट्स’ यांतील ‘राइट’ म्हणजे हक्क. त्याचा विरुद्धार्थी कोणता? ‘राँग’ येथे बसत नाही, ‘लेफ्ट’ तर नाहीच. पुष्कळ विद्यार्थी ‘ड्यूटी’, म्हणजे कर्तव्य, असे उत्तर देतात. ते का बरोबर नाही, हे पुढे पाहू.

प्रथम मराठी शब्दाकडे वळू. ‘हक्क’ हा मूळचा अरबी शब्द. त्या भाषेत त्याचा अर्थ सत्य असाही आहे आणि एखाद्याला न्यायाने मिळावयाचे ते, असाही आहे. म्हणजे ‘राइट’प्रमाणेच हाही खरेपणा आणि हक्क यांना एकत्र बांधणारा शब्द आहे. दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या काळापासून तो मराठीत रुळला. आपला किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामी राजवटीत येथील सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे हा शब्द आपल्या भागात कागदोपत्रीही चांगलाच मुरलेला आहे. त्याचाच विरुद्धार्थी ‘नाहक’ आपण आजही वापरतो : नाहक त्रास, नाहक बदनामी. ‘हकनाक बळी गेला’ यातील ‘हकनाक’ हाही त्याच कुळातील शब्द.

आता समानार्थी म्हणून दिले जाणारे शब्द तपासू. ‘पॉवर’ म्हणजे अधिकार. मराठीत ‘माहितीचा अधिकार’ आणि ‘शिक्षण हक्क’ असे दोन्ही शब्द ‘राइट’साठी रूढ आहेत, परंतु अधिकारात सत्तेची छटा आहे, म्हणून तर ‘अधिकारी’ हा शब्द झाला. ‘क्लेम’ म्हणजे दावा. तो सिद्ध व्हावयाचा असतो. ‘प्रिव्हिलेज’ म्हणजे विशेषाधिकार. तो काहींनाच असतो. ‘कन्सेशन’ म्हणजे सवलत, ‘पर्मिशन’ म्हणजे परवानगी आणि ‘फेवर’ म्हणजे मेहेरबानी. हे शब्द शेजारी शेजारी ठेवले की सारखे दिसतात, कारण सर्वांचे फळ एकच असते, काहीतरी मिळते. भेद ओळखण्याची कसोटी साधी आहे. देणाऱ्याने उद्या हात आखडता घेतला तर घेणाऱ्याला काय करता येते? परवानगी, सवलत आणि मेहेरबानी काढून घेतली तर हात जोडण्यापलीकडे मार्ग उरत नाही. हक्क काढून घेतला तर न्यायालयाची पायरी चढता येते. म्हणून हक्काचा खरा विरुद्धार्थी शब्द मेहेरबानी हा आहे. दिसण्यात सर्वांत जवळचा, आणि अर्थाने सर्वांत उलट.

आपल्या इतिहासात या दोहोंची गल्लत कशी झाली, पाहा. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी अमृतनाकाची परंपरागत कथा आहे. गावोगाव या बावन्न हक्कांचा उल्लेख अभिमानाने होत असे. त्या हक्कांत होते काय? घरोघर भाकरी मागण्याचा हक्क, मेलेल्या जनावराचा हक्क, खळ्यावर धान्याचा वाटा मागण्याचा हक्क. शब्द हक्काचा होता, परंतु वाढणाऱ्याच्या मर्जीवर तो अवलंबून होता आणि त्याच्या बदल्यात वतनदार कुटुंबाला रात्रंदिवस गावाची आणि सरकारची चाकरी करावी लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले, ते या नावापुरत्या हक्काचे खरे स्वरूप ओळखूनच. पुढे १९५८च्या कायद्याने मुंबई राज्यातील अशी कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली.

याउलट महाड पाहा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे होते. परंतु २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याचे पाणी कोणी घेऊ शकले नव्हते. त्या दिवशी बाबासाहेबांनी आणि हजारो सत्याग्रहींनी ते पाणी प्राशन केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेत माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मांडण्यात आला. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ चा आहे. महाड त्याच्या एकवीस वर्षे आधी घडले. स्पृश्यांच्या बाजूने न्यायालयात दावा दाखल झाला. इतरांना तळ्यापासून दूर ठेवण्याचा आपला वहिवाटीचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे दोन्ही पक्ष ‘राइट’ हाच शब्द वापरीत होते! १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी प्राचीन वहिवाट सिद्ध होत नाही असा निकाल दिला आणि बाबासाहेबांचा पक्ष विजयी झाला. एक पक्ष विशेषाधिकाराला हक्क म्हणत होता, दुसरा मानवी हक्काला हक्क म्हणत होता. त्यांतील भेद ठरावयास दहा वर्षे लागली.

शब्द किती मोलाचा असतो, हे शिक्षणाच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. राज्यघटनेच्या मसुद्यातील ३६व्या अनुच्छेदात, प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे, अशा आशयाची शब्दरचना होती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ती वगळण्याची दुरुस्ती आली. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात असल्याने तेथे हक्काची भाषा बसत नाही, असा तर्क त्यामागे होता आणि तो कायद्याच्या दृष्टीने सुसंगत असल्याने दुरुस्ती स्वीकारली गेली. राज्य त्यासाठी प्रयत्न करील, असे शब्द आणि मसुद्यातील दहा वर्षांची मुदत तेवढी राहिली. ती मुदत केव्हाच उलटली. गेलेला हक्काचा शब्द परत यावयास २००२ साल उजाडले. ८६व्या घटनादुरुस्तीने ‘२१-अ’ हा अनुच्छेद आला, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकासाठी तो अमलात आला. ‘हक्कदार आहे’ आणि ‘प्रयत्न करील’ या दोन शब्दप्रयोगांत कितीतरी पिढ्यांचे शिक्षण अडकून पडले होते. याच कारणाने बाबासाहेबांनी हक्कांच्या अंमलबजावणीसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट देणाऱ्या ३२व्या अनुच्छेदाला घटनेचा आत्मा आणि हृदय मानले. दाद मागण्याची सोय नसलेला हक्क पुन्हा मेहेरबानीच्या पातळीवर येतो.

आपल्या किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यातील गोंड, कोलाम, आंध बांधवांना हा भेद वेगळा सांगावयास नको. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नावातच ‘वन हक्कांची मान्यता’ असे शब्द आहेत. जमीन वाटप किंवा देणगी असे ते नाव नाही. जो हक्क पूर्वीपासून होताच, त्याला राज्य आता मान्यता देत आहे, असा त्याचा अर्थ. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरच्या मर्यादेत हा हक्क मागता येतो आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. पट्टा हाती पडताना कोणी ‘सरकारने जमीन दिली’ असे म्हणाले, तर कायद्याचे नाव पुन्हा वाचून दाखवावे.

आपल्या घरातही हा शब्द तपासावा लागेल. वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणींकडून ‘हक्कसोडपत्र’ लिहून घेण्याची रीत आपल्याही समाजात आहे. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५च्या दुरुस्तीनुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण जयंतीच्या भाषणांत सांगतो. सणाला बहिणीला साडी देणे ही माया झाली. तिचा वाटा तिच्या नावावर करणे हा हक्क झाला. पहिल्याच्या बदल्यात दुसरा सोडवून घेणारा भाऊ हक्क आणि मेहेरबानी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरीत असतो.

कर्तव्य हा विरुद्धार्थी का नव्हे?

विरुद्धार्थी शब्द एकमेकांना हटवितात. दिवस असेल तर रात्र नसते. हक्क आणि कर्तव्य यांचे तसे नाही. ते जोडीने राहतात. एकाच्या हक्कामागे दुसऱ्या कोणाचे तरी कर्तव्य उभे असते. मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, याचाच अर्थ शाळा चालविणे हे राज्याचे आणि मुलाला शाळेत पाठविणे हे पालकाचे कर्तव्य आहे. आपल्या घटनेत मूलभूत कर्तव्ये १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने आली, म्हणून ती हक्कांच्या विरोधात आली असे कोणी म्हणत नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनी ‘ड्यूटी’ हा शब्द ‘राइट’चा जोडीदार म्हणून लक्षात ठेवावा.

थोडे विद्यार्थ्यांसाठी आणि थोडे पालकांसाठी

परीक्षेत ‘राइट’चा विरुद्धार्थी विचारला गेला, तर प्रथम वाक्य पाहावे. वाक्यात उत्तर किंवा वागणूक असेल तर ‘राँग’. हात किंवा रस्ता असेल तर ‘लेफ्ट’. रेषा असेल तर ‘क्रुकेड’. अनेकवचनी ‘राइट्स’ असेल तर तो बहुधा हक्क असतो. त्या वेळी घाईने ‘राँग्ज’ लिहू नये. श्रुतलेखनात आणखी एक सावधगिरी हवी. ‘राइट’ हाच उच्चार असलेले आणखी शब्द इंग्रजीत आहेत : एकाचा अर्थ विधी, दुसऱ्याचा अर्थ लिहिणे. स्पेलिंग निराळे, ध्वनी एकच. ज्या समाजाला शतकानुशतके कर्मकांडे दिली गेली आणि लेखणी नाकारली गेली, त्याच्या मुलांनी हे तिन्ही शब्द नीट वेगळे ओळखणे अगत्याचे आहे.

पालकांना एक विनंती. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृहातील प्रवेश यांविषयी बोलताना आपण ‘सवलत मिळाली’, ‘साहेबांनी उपकार केले’ असे सहज बोलून जातो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. तिच्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न आहेत. घटनेच्या १६व्या अनुच्छेदातील आरक्षणाचा आधार पुरेसे प्रतिनिधित्व हा आहे. त्याला ‘सवलत’ म्हटले की त्यामागचा विचारच पुसला जातो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही शुल्क नाही.

आपल्याकडे जुन्या अर्जांची सुरुवात ‘मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’ अशी होत असे. अनेक तरुणांना त्या ‘मे.’चा अर्थ ठाऊक नसतो. तो ‘मेहेरबान’चा संक्षेप आहे. अर्ज नम्र भाषेत असावा, अधिकाऱ्याला ‘माननीय’ म्हणावे, कामाचे आभारही मानावेत. सौजन्य हे सम्यक वाचेचेच अंग आहे. परंतु आपली मुले जेव्हा आपल्यासाठी अर्ज लिहावयास बसतील तेव्हा त्या ‘मे.’ची आता गरज उरलेली नाही, एवढे त्यांना अवश्य सांगावे.

जयभीम! नमो बुद्धाय!